हौसराव फिटरचा कान

विश्वजीतच्या जीपखाली काहीतरी टकटकत होतं, आणि हौसराव आप्पांनी जातीनं लक्ष घातल्यापासून गेले तीन दिवस ते टकटकतच होतं.

जीप जुनी होती. पण रविवारी शिरूरला घोडनदीच्या काठाला अशा गाड्यांची चिखलातली शर्यत होती, म्हणून विश्वजीतनं तिला दांडगी चाकं बसवली होती आणि आतलं मॅटिंग उपटून नुसता पत्रा ठेवला होता. चिखल धुवायला बरं पडतं. आप्पा सख्खे चुलते, त्यात पाटसच्या साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. तपासणी त्यांच्याकडे कुणी सोपवली नव्हती, तरी ती त्यांच्याकडेच होती.

तीस गळीत हंगाम आप्पांनी यंत्रांना कान लावून काढले होते. कुठलं बेअरिंग जाणार हे त्यांना आठ दिवस आधी ऐकू येई, असं सगळा भांडगाव सांगायचा. भांडगावला ते आप्पांनीच सांगितलं होतं. निवृत्तीनंतर मात्र गुडघ्यानं दगा दिला, स्वतःच पाइप वाकवून केलेली काठी हातात आली, आणि कान लावायला घरच्या मिक्सरशिवाय काही उरलं नाही. त्यामुळे गतिरोधकावर पहिल्यांदा ‘टक’ झालं, तेव्हा माणूस दहा वर्षांनी तरुण झाला.

"रबरी बुश गेलाय खालचा," ते म्हणाले. "लोखंडावर लोखंड वाजतंय. सतीशकडं घे."

केडगावच्या सतीशचं स्वतःचं गॅरेज होतं, पण उमेदवारी त्यानं आप्पांच्या हाताखाली केलेली. अजूनही त्यांच्यासमोर तो स्टुलावर बसत नसे. त्यानं जीप उचलली, एकेक बुश बोटानं चाचपला आणि म्हणाला, "आप्पा, बुश तर समदे शाबूत हायेत."

"चक्कर मारून ये."

सतीश एकटाच चक्कर मारून आला. आप्पा काठी टेकवून दारात उभे होते.

"काय वाजलं न्हाई, आप्पा."

"तुला ऐकू आलं न्हाई. वाजलं न्हाई, असं न्हाई."

"व्हय," सतीश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शॉक अ‍ॅब्सॉर्बर उतरवले आणि परत चढवले. तिसऱ्या दिवशी सायलेन्सरचे क्लॅम्प आवळले. त्या भरात दिवाळीपासून हरवलेला चौदाचा पाना सापडला. तो खालच्या पट्टीवर निवांत पडून होता. सगळ्यांना वाटलं, हाच तो. परतीच्या वाटेवर पहिल्याच गतिरोधकाला टक.

"आप्पा, एक बोलू का?" विश्वजीत म्हणाला. "मी एकटा असलो ना, तवा वाजत न्हाई."

"एकटा असला की तू गाणी लावतो."

"तसं न्हवं. उद्या पुण्याला नेतो. तिथं कॉम्प्युटर लावून बघत्यात."

आप्पांनी तोंड खिडकीबाहेरच्या उसाकडे वळवलं. मग म्हणाले, "उद्या दुपारपत्तूर थांब. न्हाई सापडलं तर ने. आन् कॉम्प्युटरला सापडलं, तर मी पुन्यांदा कुठल्या मशीनला कान लावणार न्हाई. घरच्या मिक्सरला बी न्हाई." त्यांना खरंच फार लागलं होतं.

सकाळी ते जीपमध्ये बसले ते निश्चय करूनच. कारखान्यात पहार बेअरिंगवर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, की आतलं सगळं ऐकू येतं. पहार नव्हती, काठी होती. त्यांनी काठीचं खालचं टोक पत्र्यावर घट्ट दाबलं, वर कान लावला आणि म्हणाले, "घे गतिरोधकावरनं."

जीप उडाली. काहीही वाजलं नाही.

कान अवघडला म्हणून त्यांनी काठी नेहमीसारखी दोन गुडघ्यांत सैल धरली. पुढचा गतिरोधक. टक.

पुन्हा दाबली. शांत. सैल सोडली. टक.

आप्पांनी काठी उचलून तळ पाहिला. तळाला एकेकाळी काळं रबर होतं. आता नुसता पाइप होता, घासून चकचकीत झालेला. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि समोर पाहत राहिले.

दोन गतिरोधक शांततेत गेले.

"आप्पा, आवाज गेला की," विश्वजीत म्हणाला.

दुरुस्तीच्या आधीच आवाज गेला, तर दुरुस्ती कुणाची म्हणायची? पुढच्या गतिरोधकाला आप्पांनी काठी हळूच खाली घेतली आणि स्वतःच्या हातानं टक केलं.

"हाय अजून," ते म्हणाले. "पर आता सापडलाय मला. सतीशकडं घे."

गॅरेजपाशी त्यांनी विश्वजीतला चहा सांगायला पाठवलं आणि सतीशला बाजूला घेतलं.

"मी पयल्या दिवशी काय म्हनलो व्हतो?"

"रबरी बुश गेलाय. लोखंडावर लोखंड वाजतंय."

"मग? तोच हाय. एक बुश दे. मी बसवतो माझ्या हातानं."

कुठला, केवढा, कुठं बसवायचा, सतीशनं काही विचारलं नाही. त्यानं खिशातून एक काळं रबर काढलं आणि अदबीनं दोन्ही हातांनी पुढं केलं. आप्पांनी ते काठीला लावून पाहिलं. पाइपावर ते असं बसलं, की जणू तिथलंच होतं.

"माप कवा घेतलं?" आप्पांनी खालच्या आवाजात विचारलं.

"पयल्याच दिवशी. तुमी काठी दाराला टेकून हात धुवाया गेला व्हता, तवा."

"मग बोलला का न्हाई?"

"आधी फिटरनं सांगायचं," सतीश म्हणाला, "मग हेल्परनं सामान काढायचं. तुमीच शिकवलंय."