पाठमोरे रायर

घोडेस्वारी शिकवताना रायर शिकणाऱ्याकडे पाठ करून बसतात. मैदानाच्या कडेला लाकडी खुर्ची, खुर्चीचं तोंड नारळाच्या झाडाकडे, हातात भजनातल्या चिपळ्या आणि डोळे मिटलेले. मागे आपण जीव मुठीत धरून घोड्यावर बसलेले असतो, आणि त्या पाठीतून आवाज येतो, "घोडी मागला डावा पाय ओढिते आहे. तूं निजलीस, म्हणून तीही निजली."

आणि ते खरं असतं.

बँकेच्या नोकरीने मला कुंभकोणमला आणलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परभणीकडच्या लहानशा गावात शिकले. घोडा पाहिला होता तो वरातीतला. इथे आल्यावर कितीतरी दिवस मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. एका संध्याकाळी चोळपुरमच्या रस्त्याने स्कूटरवरून येत असताना कुंपणापलीकडून म्हातारा आवाज आला, "सावकाश यावें, बाईसाहेब. घाई कोणास आहे?" मी स्कूटर थांबवली. बाईसाहेब म्हणजे पोन्नी नावाची तांबूस घोडी होती.

रायरांचे पूर्वज मराठी राजांच्या काळात इकडे आले. बाहेर तमिळ, घरात आणि तबेल्यात मराठी, तीही आपल्या पणजोबांच्या तोंडची. घोड्यांना ते अहोजाहो करतात. माणसांना, मग तो कलेक्टर का असेना, अरेतुरे. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांनी मला अंगणात एक फेरी मारायला लावली. स्वतः डोळे मिटून बसले.

"बोलणें नवें आहे तुझें, पण गोड आहे," ते म्हणाले. "चाल मात्र भित्री. उद्यां ये."

अशी मी ड्रेसाज शिकू लागले. ड्रेसाज म्हणजे घोड्याची शर्यत नव्हे. ठरलेल्या चौकोनात, ठरलेल्या जागी, घोड्याने नाचाच्या डौलाने चालायचं, वळायचं, थांबायचं, आणि स्वाराने काही केलंच नाही असं दिसलं पाहिजे. रायरांच्या मते हे सगळं भजन आहे. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोनाची, कॅन्टर, म्हणजे संथ धाव, तीनाचा. मरुदानल्लूरच्या भजनात वाजवायच्या त्या चिपळ्या ते मैदानावर वाजवतात आणि ठोका चुकला की घोड्याची नाही, आमची चूक काढतात. बघत का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "डोळा लबाड, कान इमानी."

या कानावर त्यांचा फार विश्वास. एकदा तिरुभुवनमला नात्यातल्या मुलीसाठी स्थळ पाहायला त्यांना नेलं होतं. नवरा मुलगा ओसरीवरून चालत आला, आणि रायरांनी डोळे मिटूनच निकाल दिला की हा उजव्या पायावर भार देत नाही, मनांत कांहीं लपवितो. सगळे मुलाच्या पायांकडे बघू लागले. शेवटी मुलाने लाजत सांगितलं की नवी चप्पल चावते आहे. लग्न झालं. रायर अजून म्हणतात, लपवीत होता ना?

तबेला चालवते ती त्यांची मुलगी मालती. शिकवणं, चारा, नाल, सगळं तीच बघते. स्पर्धेत पोन्नीवर बसते तीही तीच. गेल्या वर्षी चेन्नईला पोन्नीची दुडकी जराशी अडखळली आणि कुंपणाबाहेर पाठ करून बसलेल्या रायरांच्या चिपळ्या सवयीने वाजल्या. बाहेरून मदत केली म्हणून पंचांनी घंटा वाजवून मालतीला बाद केलं. 

यंदा डॉक्टरांनी सांगून टाकलं, पोन्नीचं वय झालं, ही शेवटची स्पर्धा. मालतीने रायरांना बजावलं की यायचं नाही. रायर गाडीत आधीच जाऊन बसले होते. मग तह झाला. चिपळ्या घरी राहतील, आणि मैदानावर तोंडातून अक्षर निघणार नाही. रायरांनी कुंभकोणमच्या विड्याच्या पानांची जुडी बरोबर घेतली. मालतीची पाळी आली तेव्हा त्यांनी इतकी पानं तोंडात भरली की दोन्ही गाल फुगले. पहाऱ्याला मला शेजारी बसवलं होतं.

खुर्ची पंचांच्या मागे, आणि अर्थातच उलटी. लोक बघून हसत होते.

मालती आत आली. पोन्नीची मान कमानीसारखी, पाऊल हलकं. पण शेजारी रायर अस्वस्थ होऊ लागले. त्यांनी मान तिरकी केली, कानामागे हात धरला, मग माझी बाही ओढून कानाकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. यंदा मैदान नवं होतं. वाळूत कापडाचे तुकडे मिसळलेले, गादीसारखं मऊ. टापांचा आवाज येतच नव्हता.

मी हळूच सांगू लागले, दुडकी चालू आहे, वळण छान घेतलं. त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दांत ठोका नव्हता.  मग ते उठले, खुर्ची उचलली, फिरवली आणि मैदानाकडे तोंड करून बसले. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी वाकली.

पोन्नी तिरकी चालत आली, एक पाय दुसऱ्यावरून टाकत, जणू पाण्यावरून. कॅन्टर उचलला तो कुठेही न हिसकता. रायरांची बोटं माझ्या मनगटावर तीनाचा ठोका धरत होती. शेवटी मालती मधोमध थांबली, पोन्नीचे चारी पाय चौरंगासारखे स्थिर. तिने पंचांना मान लववली. मान वर केली आणि पंचांमागे बसलेला बाप तिला दिसला. ती तशीच थांबून राहिली. पोन्नीच आपणहून चालू लागली.

पहिला नंबर आला.  रायरांनी नेसलेल्या नव्या वेष्टीवर पानाचा लाल ओघळ आणि डोळ्यांतून दुसरा.

परतताना रायर पुढच्या सीटवर झोपले होते, निदान डोळे मिटलेले होते. मागे मालतीने बक्षिसाची ढाल मांडीवर धरली होती.

"लहान होतें तेव्हां अप्पांच्या डोळ्यांदेखत तट्टावरून पडलें," ती मला म्हणाली. "मला कांहीं झालें नाही अक्का, मी हसत उठलें, परत बसवा म्हणून हट्ट धरिला. झालें तें अप्पांना. दुसऱ्या दिवशीं खुर्ची फिरली. मग कोणीही घोड्यावर बसो, त्यांना बघवेना. मी रोज पाठीलाच नमस्कार करून चढतें. आज तोंड दिसलें."

पुढच्या सीटवरून घोरण्याचा आवाज आला. ठोका साफ चुकलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी शिकायला गेले. खुर्ची जागेवर, तोंड नारळाच्या झाडाकडे, हातात चिपळ्या. मी मनाशी म्हटलं, सगळं आलं पुन्हा जुन्या वळणावर. दुडकी सुरू झाली, आणि पाठीतून आवाज आला, "खांदे खालीं सोड. हनुवटी वर."

खांद्यांचा आणि हनुवटीचा आवाज होत नाही. मी घोडा वळवून नारळाच्या बाजूने नेला. झाडाला खिळा ठोकून रायरांचा दाढीचा आरसा टांगलेला होता. त्यात मैदान दिसत होतं, मी दिसत होते, आणि माझ्यामागे पोन्नीला रपेटीला घेऊन निघालेली मालती दिसत होती.

आरशात रायरांची आणि माझी नजर भेटली. त्यांनी लगेच डोळे मिटले.

"डोळा लबाड," ते म्हणाले.