सॉरीचे अधिकृत अर्थ

राष्ट्राची उंची मोजायची तर ते राष्ट्र कशाकशाबद्दल माफी मागतं ते पाहावं. इंग्रज माणूस हवामान सोडून सगळ्याबद्दल मागतो. (पाहुणा परदेशी असेल तर हवामानाबद्दलही.)

नॉरिचचे एल्विन थ्रोअर हे 'सॉरी' या शब्दाचे मान्यवर अभ्यासक. शब्दकोश मंडळाने त्यांच्याकडे हा एकच शब्द सोपवला आणि त्यांनी उमेदीची वर्षं त्यावर खर्ची घातली. शब्दाचं मूळ जखमेत आहे, दुःखवाचक 'सॉरो'शी त्याचं साम्य केवळ तोंडावळ्याचं, हे ते बसथांब्यावरही सांगत. त्यांच्या वर्गवारीनुसार हा शब्द वाट मागायला वापरतात. ऐकू आलं नाही म्हणून, ऐकू आलं पण पटलं नाही म्हणून, रांगेत घुसणाऱ्याला दम म्हणून, आणि खुर्चीला धडकल्यावर खुर्चीसाठी. चूक कबूल करणे हा अर्थ मंडळाने 'विरळ' असा शेरा मारून शेवटी घेतला.

हा शेरा ज्या बैठकीत ठरला, त्याच दिवशी थ्रोअरांच्या सासऱ्यांचा दफनविधी होता. थ्रोअर बैठकीला गेले. गणसंख्येचा प्रश्न होता.

त्यांच्या पत्नी मॅव्हिसबाईंनी आठवडाभर वाट पाहिली. रविवारी त्यांनी चहाची किटली न चढवताच बॅग भरली, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेल्याचं थ्रोअरांच्या ध्यानात आलं.

"मला एकच शब्द हवाय, एल्विन," त्या म्हणाल्या. "तुझ्याच खात्यातला."

"कोणत्या अर्थाने?"

"बाबांवर माती लोटताना मी एकटी उभी होते, त्या अर्थाने."

थ्रोअरांना मनापासून वाईट वाटत होतं. ही गेली तर आपलं या घरात कोणी उरत नाही, हेही कळत होतं. पण अभ्यासू माणूस पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही.

"त्या अर्थाचे अलीकडचे दाखले," ते म्हणाले, "तसे कमीच सापडतात."

"राहू दे," म्हणत बाईंनी बॅग ओढली. चाक थ्रोअरांच्या अंगठ्यावरून गेलं.

"सॉरी," थ्रोअर चटकन म्हणाले.

बाई थांबल्या. "कशाबद्दल?"

"पाय मध्ये आला ना माझा."

टॅक्सी निघून गेली.

मराठी वाचकाला याचं हसू येणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे 'माझं चुकलं' असं सरळ म्हणायची सोय पूर्वापार आहे. तरी आपण इंग्रजांचाच शब्द वापरतो, कारण परक्या भाषेत नाक घासलं तर आपलं नाक शाबूत राहतं. पटत नसेल, तर आत्ता ज्याचं नाव तुमच्या मनात आलं, त्याला फोन लावा आणि मराठीत म्हणून दाखवा.