फेरवजन

एक फ्लेक्स लावायचा, एवढंच मी ठरवलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर माणसानं काही ठरवू नये, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. (बायकोचं म्हणणं, तिनं सांगितलं होतं.)

मी शेषेराव. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एकेचाळीस वर्षं मापाडी होतो. शिक्षण चौथी. तूर, हरभरा, करडई, सोयाबीन, सगळं माझ्या काट्यावरून गेलं, आणि एकानंही कधी फेरवजन मागितलं नाही. (दोघांनी मागितलं होतं. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते धरत नाही.) दुसरी गोष्ट बारदान्याची. बारदाना म्हणजे मालाचं रिकामं पोतं. भरल्या पोत्याचं वजन झालं की त्यातून बारदाना वजा करायचा, मगच आकडा पुकारायचा. यात माझी चूक एकदाही झाली नाही. या दोन गोष्टींवर माझी मान ताठ होती.

मुलगा बजरंग देगलूर डेपोत कंडक्टर आहे. त्याची मुलगी शिवकन्या शिकायला आमच्याकडे राहिली ती इंजिनिअर होऊनच थांबली. इलेक्ट्रॉनिक्सची. (इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि माझा तराजू भंगारात गेला. पण नातीला काय बोलणार.) तिला पुढं शिकायला अमेरिकेला जायचं होतं. त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा हैदराबादला जाऊन द्यावी लागते. नोव्हेंबरात बापाला सोबत घेऊन ती देऊन आली. सकाळच्या गाडीनं घरी पोचली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो.

"किती पडले?"

"तीनशे बारा."

"कितीपैकी?"

"तीनशे चाळीस. पण आबा..."

पणच्या पुढचं मी ऐकलं नाही. चपला घातल्या आणि निघालो. लातुरात किती आणि कितीपैकी कळलं, की विचारायचं काही उरत नाही. आमच्या गावात चौकाचौकांत पोरांचे फोटो टांगलेले असतात. सातशे वीसपैकी सहाशे नव्वद, सातशे वीसपैकी सातशे. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या नातवंडांखाली उभा राहून चहा प्यालो. आता ज्याला चहा प्यायचा असेल त्यानं माझ्या नातीखाली प्यावा.

फ्लेक्सवाल्यानं फोटो मागितला. माझ्याकडे माझाच होता, निरोपसमारंभातला, फेट्यातला. शिवकन्याचा त्यानं फोनवरून कुठूनसा काढला, तो पोस्टाच्या तिकिटाएवढा निघाला. उरलेल्या जागेत मी. वर मजकूर: 'अमेरिकेच्या परीक्षेत ३४० पैकी ३१२. सुप्रसिद्ध मापाडी शेषेराव यांची नात.' नातीचं नाव सगळ्यात खाली होतं. फ्लेक्स मोंढ्याच्या फाटकाशी लागला. तिथं तेवढ्याच उंचीपर्यंत मोटारसायकली लावतात.

संध्याकाळी घरी आलो तर पोरगी खोलीत आणि दार लोटलेलं.

"सकाळधरनं जेवली न्हाई," केवळाबाई म्हणाली. केवळाबाई म्हणजे आमचं कुटुंब.

"आनंदानं होतं तसं."

"रडून राहिली."

"आनंदानंच."

"तुमी कधी आनंदानं रडलाव?"

मला आनंदाची एवढी सवय नाही.

जेवणाला बसलो तेव्हा शिवकन्या बाहेर आली. डोळे सुजलेले.

"आबा, परीक्षा परत द्यायची म्हणते."

माझा घास हातातच राहिला. "कामून? नापास झालीस का?"

"त्यात नापास नसतं."

"मग झालं की."

"मला जिथं जायचंय तिथं मागच्या वर्षी तीनशे वीस आणि त्याच्या पुढचीच घेतली. परत देता येते, आबा. दोन्हीतला चांगला आकडा पाठवायचा. हैदराबादला डिसेंबरात एकच जागा दाखवतेय. रविवार संध्याकाळपर्यंत नाव घालावं लागेल. नाही घातलं तर हे वर्ष गेलं."

"आठ मार्कासाठी फेरवजन?"

"हो."

"आपल्या घरात फेरवजन नसतं."

"आबा, ही तूर नाहीये."

"तूर असती तर बरं झालं असतं. तूर उलट बोलत नाही."

ती उठून गेली. आता परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्ट लागतो. पासपोर्ट माझ्या ट्रंकेत होता, मापाड्याच्या परवान्याशेजारी. ट्रंकेची किल्ली माझ्या करगोट्याला. तेव्हा विषय संपला असं मी धरलं. खरं कारण वेगळं होतं. परत परीक्षा देणाऱ्याला लातुरात रिपीटर म्हणतात. फ्लेक्सखाली चहा पिणारा प्रत्येक माणूस मला विचारणार, एवढे मार्क पडले तर पोरगी परत का बसली? आणि त्या फ्लेक्सवर पोरगी दिसत नव्हती, मीच दिसत होतो.

तेवढ्यात हमाल-मापाड्यांनी सत्कार ठरवला. त्याच रविवारी, अकरा वाजता. मी नको म्हणालो. (एकदाच म्हणालो, तेही हळू.)

"मी येत नाही," शिवकन्या म्हणाली.

"फ्लेक्सवर फोटो हाय तुझा."

"तो मी आहे हे कुणाला कळलंय?"

केवळाबाई म्हणाली, "बाई गं, जा एक डाव. तुझ्या आबाचा नवा फेटा बांधून झालाय."

मोंढ्यात सौद्याच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. माईक होता. पुढच्या रांगेत नजीर बसला होता. नजीर बारदानवाला, फाटकी पोती शिवून विकतो. त्याची माझी चाळीस वर्षांची बैठक. त्याची नात सुमय्या शिवकन्याच्या वर्गात होती.

मी भाषण केलं. आयुष्यातलं पहिलं. म्हणालो, "माणसाची किंमत आकड्यावर असते. ज्याला काही येत नाही त्याला भोपळा. आमच्या पोरीला तीनशे बारा. हे वजन मापाड्याच्या घरचं आहे. फेरवजनाची गरज नाही." हे शेवटचं वाक्य मी घरच्या माणसाला उद्देशून टाकलं. टाळ्या पडल्या. मग शिवकन्याला माईकपुढं उभं केलं आणि कुणी काही विचारायचं का, असं मीच म्हणालो.

नजीर उठला. त्याला वाईट काही सुचत नाही, धंदाच बारदान्याचा, त्याला दुसरं सुचणार काय.

"बेटा, एक विचारू? आबा म्हन्ले भोपळा. सगळंच्या सगळं चुकलं तर किती पडतेत?"

शिवकन्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिला काट्याजवळ बसवून एकच शिकवलं होतं, वजनात खोटं बोलायचं नाही. ती हळूच बोलली. पण तोंडासमोर माईक होता.

"दोनशे साठ."

तुम्हाला वाटेल लोकांना समजलं नाही. मोंढ्यातल्या माणसाला दुसरं काही समजत नाही, एवढंच समजतं. दीडशे माणसं एकाच वेळी मनात वजाबाकी करत होती. माझं उत्तर सगळ्यांच्या मागून आलं.

"बावन्न," मागून कोणी तरी म्हणालं.

"ऐंशीपैकी," दुसरा म्हणाला.

नजीर खाली बसत म्हणाला, "शेषेराव, बारदाना वजा करायचा ऱ्हायला की रे."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. हसलं कोणी नाही. सगळ्यांनी माझ्या फेट्याकडे बघितलं. एकेचाळीस वर्षांत जे झालं नाही ते मी भर मोंढ्यात, माईकवर, स्वतःच्या रक्ताच्या मालावर केलं होतं. शाल अंगावर होती. नारळ हातात होता. खाली बघावं तर पायाशी हार पडलेला. ओट्याला मागून जिना नाही.

फाटकाबाहेर आल्यावर शिवकन्या एवढंच म्हणाली, "आबा, त्या दिवशी मी 'पण' म्हणाले होते."

दुपारभर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. केवळाबाई चहा ठेवून गेली. चहा थंड झाला, तो घेऊन गेली. चार वाजले, पाच वाजले. दाराच्या फटीतून शिवकन्या दिसत होती. मांडीवर लॅपटॉप घेऊन नुसती बसली होती. तीनशे बाराच्या आनंदात तिचं रडणं मला दिसलं नव्हतं. बावन्न कळल्यावर दिसलं.

मी उठलो. किल्ली सोडायला गेलो तर करगोट्याची गाठ सुटेना. (गाठ मीच मारली होती. माझी गाठ सुटत नाही, याचाही मला अभिमान होता.) शेवटी ट्रंकेला कंबर लावून बसलो आणि तसाच वाकून कुलूप उघडलं. केवळाबाई दारात उभी राहून बघत होती.

"काय करून राहिलाव?"

"काही नाही."

"ट्रंकेत शिरून राहिलाव का?"

"शिरता आलं असतं तर सकाळीच शिरलो असतो."

पासपोर्ट शिवकन्यापुढं ठेवला. "फेरवजन कर," म्हणालो.

तिनं वर बघितलं. "लोक विचारतील."

"विचारू दे. पण एक ध्यानात ठेव. इथून पुढं या घरात पोत्यासकट आकडा कोणी सांगायचा नाही. निव्वळ सांगायचं. मग किती का भरेना."

"हाव," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा जेवली.

पुढचे तीन आठवडे मी मोंढ्याकडं फिरकलो नाही. भाजी आणायला गेलो तरी लांबून जायचो. भाजीवाली गौरम्मा कधी कुणाला हिशेब विचारत नाही. तिनंसुद्धा भेंडी तोलताना मला विचारलं, "काका, पिशवी वजा करू का?" मी भेंडी न घेता आलो.

परीक्षेच्या दिवशी घरात बसवेना. शेवटी नजीरच्या गोदामात जाऊन पोत्यांच्या ढिगामागं बसलो. तिथं कोणी बघत नाही. ढिगावर आमचा फ्लेक्स पांघरलेला होता. फाटकावरून उतरवल्यावर नजीरनंच नेला होता, पावसाला बरा म्हणून. माझं तोंड वर आलं होतं. चिमण्यांची तिथं रोजची बैठक असावी.

"हिला कमी पडले तर मी गाव सोडतो," मी म्हणालो.

"कुठं जाशील?"

"मुदखेडला. मेव्हणा आहे."

"मुदखेडला बी मोंढा हाय," नजीर म्हणाला.

दोन वाजता फोन वाजला. मला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो.

"आबा, झाली परीक्षा. स्क्रीनवर दिसले मार्क."

"किती?"

"साठ."

मी पोत्यावर बसलो होतो तो आणखी खाली बसलो. साठ. मागच्या वेळी अक्कल आली होती, आता चूक करायची नव्हती. साठातून दोनशे साठ वजा करायला घेतले. जाईनात. उलटे केले तेव्हा गेले. उणे दोनशे, असं नजीरकडे बघून पुटपुटलो. म्हणजे माल काहीच नाही, वर आपल्याकडूनच दोन क्विंटल निघतात. अमेरिकेत असा नियम असेल. अमेरिकेचं काही सांगता येत नाही.

"आबा? ऐकू येतंय का?"

"येतंय, बाळा. रडू नको. हे सगळं माझ्यामुळं झालं. तुझा बाप दहावीला दोनदा बसला, तरी आज एसटीत आहे. मी चौथी शिकलो. डाळमिलमध्ये काट्यावर आता पोरी घेतात. मी उद्या जाऊन बोलतो. माझा शब्द अजून..."

इथं थांबलो. माझ्या शब्दाचं आता किती भरतं, ते मलाच माहीत नव्हतं.



"आबा," शिवकन्या म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, निव्वळ सांगायचं म्हणून?"

"मग?"

"बारदाना मी आधीच वजा केलाय. पोत्यासकट तीनशे वीस."

ती हसत होती की रडत होती, ते फोनवर कळेना. मला तिच्यातलं ते कधीच कळलं नाही. नजीरनं दाभण खाली ठेवली, हातातलं पोतं झटकलं, आणि फ्लेक्सवरच्या माझ्या तोंडावरची चिमणी उडवून लावली.

"शेषेराव, जाऊ नकोस मुदखेडला," तो म्हणाला. "एक डाव बारदाना ऱ्हायला, एक डाव दोनदा वजा केलास. सरासरी धरली तर तुझं माप बरोबर हाय."