एका माणसापुरता भात

या, असे जवळ सरका. दारापाशी चपला राखत बसलेल्यांनीही पुढं यावं, जागा भरपूर आहे. गोष्ट छोटीशीच सांगतो, एका शिंप्याची. हसू येईल तिथं मोकळेपणानं हसा. मधेच डोळ्यांत पाणी आलं तर मात्र मला बोल लावू नका.

तर टेलरमास्तरांच्या घरात बायको नव्हती. लेकीला जुळी झाली म्हणून बाई महिनाभरासाठी तिच्या गावी गेल्या होत्या. मास्तर सकाळी दुकानाची फळी उघडण्याआधी कॅलेंडरसमोर उभे राहत आणि उरलेल्या दिवसांवरून बोट फिरवत. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी चहासुद्धा केला नव्हता. महिनाभर पाव आणि केळी, केळी आणि पाव, असं चाललं होतं.

गुरुवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, एक मागू?"

"माग की."

"आईला अजून दोन महिने राहू दे ना. माझी रजा संपली. मी कामावर गेले की या दोघांना कोण बघणार?"

मास्तरांचं बोट कॅलेंडरवरच थांबलं. तरी ते म्हणाले, "राहू दे की. मी कुठं नाही म्हणतोय?"

"तू नाही, ती नाही म्हणते. म्हणते, तुझे बाबा तिकडं उपाशी मरतील."

तेवढ्यात फोन बाईंनीच ओढून घेतला. "अहो, ऐका. रविवारी बरोबर बारा वाजता मी व्हिडिओ कॉल करणार. भात आणि एक भाजी. स्वतः केलेली. ताटात वाढलेली दिसली, तर राहते. नाही दिसली, तर सोमवारची गाडी पकडून येते. मग लेक रुसो नाहीतर रागावो."

फोन ठेवला आणि मास्तरांच्या मनाचे उभे दोन तुकडे झाले. एक म्हणे, शिक बाबा, लेक अडलीय. दुसरा म्हणे, शिकतोस कशाला? सोमवारी ती दारात उभी राहील आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणेल, 'काय अवतार केलाय घराचा!' हे एवढं एक वाक्य कानावर पडावं म्हणून मास्तर काहीही द्यायला तयार होते. पण देवानं बापाचं काळीजही दिलेलं असतं ना. शुक्रवारी ते जिना चढून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेले.

"पालक करा," नर्सबाई म्हणाल्या. "निवडा, धुवा, चिरा, लसणाची फोडणी करून वर टाका. मीठ शेवटी. पेशंट दगावत नाही."

मास्तरांनी पातेलं काठोकाठ भरून पालक चढवला. पाच मिनिटांनी बघतात, तर तळाशी मूठभर हिरवा गोळा! त्यांनी शेगडीखाली वाकून पाहिलं, ओट्यामागं पाहिलं, मग जिन्यात येऊन ओरडले, "नर्सबाई, पालक गेला हो!"

"जातोय कुठं! शिजला की आळतो तो."

"आळतो म्हणजे कापडासारखा आटतो?"

"तसंच समजा."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मग असं आधी सांगायचं ना! नवं सुती कापडही पाण्यात आटतं. आम्ही आधीच जास्तीचं धरून बेततो." परक्या मुलुखात आपल्या ओळखीचं कुणी भेटावं तसं त्यांना वाटलं. शनिवारी त्यांनी दोन जुड्या धरून पालक केला आणि तो बरोबर एक वाटी उतरला. स्वयंपाक म्हणजे शिवणकामच की!

रविवारी नर्सबाई सकाळच्या अर्ध्या दिवसाच्या ड्यूटीवर गेल्या. भाजी दहाच्या आधीच तयार झाली. राहिला भात. मास्तरांनी रिकामं ताट समोर ठेवलं आणि डोळ्यांनी मापं घेतली. पातेलंभर पालकाचा मूठभर गोळा होतो. ताटात भात हवा निदान चार मुठी. शिवाय ऐन वेळी कमी पडला तर ठिगळ लावता येणार नाही. त्यांनी पाहुण्यांसाठीचं मोठं पातेलं काढलं, तांदळाचा अख्खा डबा त्यात उलटा केला, काठापर्यंत पाणी ओतलं आणि आता हा आटेपर्यंत स्वस्थ बसावं म्हणून स्टूल ओढलं.

वीस मिनिटांनी झाकण उचललं गेलं. आतून कुणी 'आहे का घरात?' म्हणून डोकवावं तसं. मास्तरांनी ते हातानं दाबलं. पुन्हा उचललं गेलं. मग त्यांनी दुकानातली कोळशाची जुनी इस्त्री आणून त्यावर ठेवली. थोडा वेळ शांतता. आणि मग झाकण इस्त्रीसकट वर यायला लागलं.

"अरे थांब! आट ना आता!" मास्तर भाताला म्हणाले.

त्यांनी थोडा भात दुसऱ्या पातेल्यात काढला. रिकाम्या झालेल्या जागेत खालचा भात ऐसपैस फुगला. पाणी संपलं म्हणून पाणी ओतलं, तर तो आणखी माजला. कढई भरली, दुधाचं भांडं भरलं, डबे भरले. शेवटी नवं कापड भिजवायचं घमेलं आलं, तेही भरलं. तळ करपून घरभर धूर झाला, आणि त्याच धुरातून नर्सबाई आत शिरल्या. अजून अंगात युनिफॉर्म होता.

"मास्तर, लग्न काढलंय का कुणाचं?"

"आटलाच नाही हो! आटण्याचं धरून टाकला होता!"

"अहो, तांदूळ फुगतो! किती टाकलात?"

"एका माणसापुरता."

"कुठाय तो माणूस? मला बघायचाय!"

बाराला दहा मिनिटं होती. नर्सबाईंनी बाह्या सरसावल्या. मोठ्या पातेल्यातला वरचा थर कचकचत होता, खालचा कोळसा झाला होता. पण मधे, देवाच्या कृपेनं, चार मुठी भात असा मोकळा, पांढराशुभ्र शिजला होता की त्यांनी आधी एक शीत तोंडात टाकून पाहिलं. तेवढाच त्यांनी अलगद काढून ताटात वाढला. शेजारी पालक. टेबलाचा एक कोपरा पुसला. भरलेली भांडी शेगडीभोवती तशीच राहिली. फोन वाजला.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोन ताटावर धरला. बाईंच्या मागं लेक उभी होती, दोन्ही हातांत एकेक बाळ, केस विस्कटलेले, डोळे ताटावर.

"तुम्ही केलंत?"

"मीच."

"भात मोकळा दिसतोय."

"झालाय खरा."

"मीठ?"

"बेताचं आहे."

फोन नुसता वीतभर डावीकडं वळवला असता, तर ती सगळी भांडी, घमेलं, भिंतीवरची काजळी, सगळं एका नजरेत दिसलं असतं आणि बाई सोमवारच्या गाडीत बसल्या असत्या. नर्सबाई दारात उभ्या राहून त्यांच्या मनगटाकडं बघत होत्या. मनगट हललं नाही.

"मग... राहू मी?"

"राहा," मास्तर म्हणाले. "लेकीला गरज आहे. माझं काय, बघतेसच की."

लेकीचा चेहरा फुलला. "बाबा, तू ग्रेट आहेस!" म्हणत ती बाळांना निजवायला आत गेली. ती गेल्याची खात्री करून बाईंनी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज अगदी खाली आणला.

"अहो, जरा खोटं खोटं तरी नापास व्हायचंत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे! एकतीस वर्षं बघतेय तुम्हाला, पाणी उकळायला सांगितलं तर भांडं जाळाल. मी निर्धास्त होते. उद्याचं तिकीट गुरुवारीच काढून ठेवलंय. बॅगसुद्धा भरलीय."

मास्तरांनी बाहीनं डोळे पुसले. नर्सबाई दार ओढून घेऊन हळूच जिना चढून गेल्या.

"रडताय का?" बाईंनी विचारलं.

"छे. धूर गेलाय डोळ्यांत."

"धूर? कसला धूर?"

"काही नाही गं. जेवतो आता. गार होतंय."

"जेवा," बाई म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. मास्तर जेवत राहिले आणि त्या बघत राहिल्या, शेवटचं शीत संपेपर्यंत.

तर मंडळी, आता घरी जाल, पानावर बसाल. आपल्या माणसांनी वाढलेला पहिला घास उचलाल, तेव्हा क्षणभर त्या माउलीची आठवण काढा, भरलेली बॅग पुन्हा रिकामी करणारीची. आणि मास्तरांचीही काढा. ते अजून चार दिवस घमेल्यातलाच भात खाणार आहेत.