श्रीमती स्मिथ यांचं सूप

इंग्रजी अवघड नसतं हो! शिकवणाऱ्याला डोकं लागतं, बस्स!

आमच्या लशान गावात हे वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत असे, आणि ऐकवायचा मला हक्कही होता. शाळेच्या फाटकाला चिकटून माझं छपाईचं दुकान आहे. आठवीच्या पोरांना दर शनिवार-रविवारी घाम फोडणारे इंग्रजीचे सरावाचे कागद माझ्याच यंत्रातून गरमागरम बाहेर पडतात. इतकी वर्षं एखादी भाषा छापल्यावर ती थोडीफार अंगात भिनणारच की!

आता माझी लेक नान्नान. व्याकरणात पोरगी वाघ! काळ विचारा, क्रियापदं विचारा, फाडफाड उत्तर. पण उतारा वाचून प्रश्न सोडवायचे म्हटलं की वाघाची शेळी. त्यातही 'यावरून काय अनुमान निघतं?' हा प्रश्न आला की गेलाच!

तिच्या इंग्रजीच्या यान बाई शुक्रवारी सकाळी दुकानात आल्या, तेव्हा त्यांनी विषय काढलाच. "ल्याओशेठ, तुमची मुलगी फार भोळी आहे हो. उताऱ्यातला माणूस रडत रडत म्हणतो, 'मी मजेत आहे.' ही लिहिते, माणूस मजेत आहे!"

"बाई, एक महिना द्या मला," मी छाती काढून म्हणालो. "या परीक्षेत ती अनुमानाचा एक प्रश्न जरी चुकली, तरी दुकानाची पाटी उतरवीन!"

बाई पाटीकडे बघून हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

माझी युक्ती साधी होती. पुस्तकातले ते पेंग्विन आणि अंतराळवीर पोरीच्या डोक्यात शिरत नाहीत, तर उतारे घरच्याच माणसांवर लिहायचे! ओळखीचं माणूस असलं की ते बोलतं काय आणि त्याच्या मनात असतं काय, हे पोरीला बरोबर कळेल. आणि घरात ओळखीचं माणूस म्हणजे सगळ्यात आधी सासूबाई!

सासूबाई, म्हणजे क्वांग आजी, आमच्याकडेच असतात. दर रविवारी दुपारी चौकातल्या वडाखाली त्यांचा चौघींचा माजाँगचा, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचा, अड्डा बसतो. खेळ चिल्लरीचा, पण इज्जत लाखाची! आता मी जावई, कोपऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलणारा माणूस. मला जे दिसत होतं ते बाकी तिघींना वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं. सासूबाईंच्या हातात वाईट सोंगट्या आल्या, की त्या एकदम ओरडत, "अगं बाई, माझं सूप लागलं!" आणि एप्रनला हात पुसत घराकडे धावत. चौथी उठली की डाव मोडला. त्या परत येईपर्यंत सोंगट्या नव्याने मिसळलेल्या! आणि चूल? चूल गार असायची.

मी हे सगळं इंग्रजीत उतरवलं. घरची अब्रू म्हणून नावगाव बदललं बरं का! क्वांग आजींच्या जागी श्रीमती स्मिथ, लशानच्या जागी लंडन. श्रीमती स्मिथ दर रविवारी तीन इंग्रज मैत्रिणींबरोबर लंडनच्या एका वडाखाली माजाँग खेळतात, हिरव्या थर्मासमधून चहा पितात, आणि पाऊस येणार असला की त्यांचा डावा गुडघा आधी सांगतो. शेवटचा प्रश्न: 'सूप लागलं असं श्रीमती स्मिथ का म्हणतात?' अ, सूप खरंच लागलं म्हणून. ब, भूक लागली म्हणून. क, डाव हरत आहेत म्हणून. ड, उताऱ्यात सांगितलेलं नाही.

आहे की नाही कमाल? ओळखणंच अशक्य!

त्याच दुपारी दुकानात ही गर्दी! एकाला ओळखपत्राची प्रत हवी, एकीला लग्नाची लाल पत्रिका, त्यात यान बाईंचे उतारे फोनवर येऊन पडलेले. मी ते जुळवले, छापले, गठ्ठा बांधून शाळेत धाडला. वर नान्नानसाठी माझा खास उतारा वेगळा काढून खिशात घातला आणि शीळ घालत घरी आलो.

शनिवारी सकाळी तो तिच्यापुढे ठेवला. "वाच! बघ, कुणी ओळखीचं भेटतंय का?"

तिने वाचला. कपाळाला आठ्या. "बाबा, हा पेंग्विन आपल्या ओळखीचा आहे?"

"कसला पेंग्विन?"

कागद हिसकावून घेतला. पेंग्विन! बर्फ! अंडी! बाईंचा चौथा उतारा माझ्या हातात होता. मग माझा उतारा...

"माझा वर्गाचा कागद सोडवून झाला कालच, सही तेवढी राहिलीय," नान्नान म्हणाली. "त्यात लंडनच्या एक आजी होत्या. आपल्या आजीसारखीच आजी आहे हो!"

आमच्याकडे सरावाचा कागद पोराने सोडवला की संपत नाही. घरच्या मोठ्या माणसाने तो तपासून सही करावी लागते. आईबाप कामावर गेलेले असतात, म्हणजे सही करतात आजी-आजोबा. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, म्हणून ते कागदावर फोन धरतात आणि फोन सगळं भाषांतर करून दाखवतो! अख्ख्या आठवीच्या आजी-आजोबांनी श्रीमती स्मिथ वाचल्या होत्या!

फोनवरच्या पालकांच्या गटात निरोपांची टिंगटिंग सुरू झाली. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. पण छे! तिथे वेगळंच युद्ध पेटलं होतं.

"शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क आहे का?"

"ड आहे! सूपची अवस्था उताऱ्यात कुठेच दिलेली नाही!" हे धरणावरचे इंजिनिअर श्यू. "चूल गार होती असं लिहिलंय, पण गार कधी झाली?"

"अहो, बाई लबाड आहे, सरळ दिसतंय!"

"लबाड असल्याचा पुरावा कुठल्या परिच्छेदात?"

मग यान बाईंचा निरोप आला: "चौथा उतारा मी दिलेला नाही. तरी आलाच आहे, तर सोमवारी तपासू."

तेवढ्यात खालून हाक आली. हाक कसली, गर्जना! "क्वांग! खाली ये!"

देंग आजी. माजाँगमधल्या दुसऱ्या खेळाडू. नातू नान्नानच्याच वर्गात. एका हातात कागद, दुसऱ्या हातात फोन, डोळ्यांत आग. सासूबाई खाली उतरल्या, मी मागोमाग.

"हे काय आहे?" देंग आजींनी फोन नाचवला. "लंडनात वड असतो का? लंडनात हिरवा थर्मास असतो का? आणि हा डावा गुडघा कुणाचा?"

"मला काय विचारतेस? मी कधी गेले लंडनला?"

"वाच खालचं! सूप लागलं म्हणे! इतकी वर्षं मी बिचारी तुझ्या सुपाची काळजी करत बसायचे! एकदा तर मी तुला माझं जाड बुडाचं भांडं दिलं, आठवतं?"

सासूबाईंनी फोन घेऊन वाचलं. हळूहळू वाचलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. गावातलं छपाईचं यंत्र कुणाकडे आहे, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "इंग्रजी छान आहे हो तुमचं."

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! वर जाऊन त्यांनी सरळ छंगतू शहरातल्या धाकट्या जावयाला फोन लावला. तो किती वर्षं मागे लागलेला, आमच्याकडे या, लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. दर वेळी सासूबाई सांगायच्या, "नको रे, इथे मला कुणी काही बोलत नाही." आता बोलून झालं होतं, तेही छापून.

माझी बायको वानश्यू दारात उभी. "ल्याओ, आई गेली तर मी तुझ्याशी काय बोलेन ते कुठल्याच पुस्तकात छापता येणार नाही."

"अगं, नान्नानच्या भल्यासाठी..."

"गप्प बस!"

मी गुमान कोपऱ्यात शेंगा सोलायला बसलो. खरं सांगतो, नुसती बायकोची भीती नव्हती. सासूबाईंनी लोणच्याची बरणी पोत्यात गुंडाळायला घेतली तेव्हा मला जुने दिवस आठवले. दुकान उघडलं तेव्हा पहिलं वर्षभर गिऱ्हाईक नव्हतं. ही बाई रोज डबा घेऊन यायची आणि 'आज गर्दी दिसतेय' म्हणायची. दुकानात मी एकटा! तिच्या असल्या थापांवर मी उभा राहिलो, आणि तिचीच थाप मी चव्हाट्यावर मांडली!

माफी मागायला गेलो. "आई, चुकलो."

"चुकलात कसले? बरोबर उत्तर क आहे ना? मग झालं." आणि बरणीला गाठ मारली. मंगळवारी निघायचं ठरलं.

रविवारी वडाखाली तिघी बसल्या आणि सोंगट्यांकडे बघत राहिल्या. तिघींत माजाँग होत नाही. देंग आजी वर खिडकीकडे बघत होत्या, पण हाक मारेनात.

सोमवारी संध्याकाळी नान्नान घरी आली ती तोंड पाडून. दप्तरातून तिने तो कागद काढला. शेवटच्या प्रश्नावर लालभडक फुली!

मी बघितलं. उत्तर: अ. सूप खरंच लागलं म्हणून.

"नान्नान!" माझा संयमच सुटला. "अख्ख्या गावाला कळलं, फोनला कळलं! तुझ्यासाठी लिहिला होता हा उतारा! तू एकटी चुकलीस?"

"पण ती आपली आजीच आहे ना?" तिचे डोळे भरून आले. "आजी म्हणाली सूप लागलं, म्हणजे लागलंच असेल. आजी कशाला खोटं बोलेल?"

सासूबाई बरणीपाशी बसल्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला, त्या लाल फुलीवरून अंगठा फिरवला, आणि मग एकदम एप्रनमध्ये तोंड लपवलं. मला वाटलं रडतायत. रडतच होत्या, पण हसतही होत्या!

"हिला सोडून कुठे जाऊ मी?" त्या म्हणाल्या. "कुणीही फसवेल पोरीला!" आणि बरणीची गाठ सोडायला लागल्या.

तितक्यात दार वाजलं. देंग आजी! चेहरा अजून फुगलेलाच. "हे बघ क्वांग, लबाड असलीस तरी चौथी आहेस. रविवारी ये. पण सुपाचं नाव काढायचं नाही!"

"नाही काढणार."

"शपथ?"

"शपथ!"

रविवारी अड्डा बसला. अख्खा चौक बघायला जमला, इंजिनिअर श्यूसुद्धा खुर्ची घेऊन आले. मी शेंगा सोलत होतो. डाव रंगला, आणि सासूबाईंनी मध्येच नाक वर केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. चुळबुळ करू लागल्या. तोंड उघडलं, देंग आजींकडे बघितलं, तोंड मिटलं.

"काय गं?" देंग आजींनी डोळे बारीक केले.

"काही नाही. खेळ."

वास मलाही आला. पण मी शहाणा झालो होतो. मी कुजबुजलो, "आई, हा डावही हरताय वाटतं!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शेंग माझ्या हातातून पडली.

तेवढ्यात नान्नान जिन्यावरून धावत खाली आली. दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं देंग आजींचं ते जाड बुडाचं भांडं, आत काळा कोळसा आणि त्यात एक हाड. तिने ते बरोबर सोंगट्यांच्या मधोमध ठेवलं. चौघी खोकत उठल्या. सासूबाईंच्या सोंगट्या उलथल्या, आणि सगळ्यांनी बघितलं. जिंकणारा डाव होता!

इंजिनिअर श्यू भांड्यात डोकावून गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे ड नव्हतं."

नान्नानने माझ्याकडे वळून हात पुढे केला. "बाबा, माझा मार्क!"

सध्या ती यान बाईंकडे दाद मागायला गेली आहे, पुरावा म्हणून भांडं घेऊन. आणि मी शिडी शोधतोय. पाटी जरा धुवायची आहे हो, उतरवायची नाही!