कपाटाच्या दाराची गिटार

"ज्याला लिफ्ट कळली, त्याला जगातलं कुठलंही यंत्र कळतं!" हे बापूंचं आवडतं वाक्य. अठरा वर्षं लिफ्टदुरुस्तीत काढलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभायचंही. अडचण एकच होती. लिफ्ट अडकली की आतली माणसं बोंबलून कळवतात. गिटारच्या आत माणसं नसतात.

बापू म्हणजे मूळचे 'जावईबापू'. सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस विश्रांतीला म्हणून लेकीकडे आले, त्या चार दिवसांना आता चौथं वर्ष लागलं होतं. लोकांकडे घरजावई असतात, बापूंकडे घरसासरे होते! ते दिवसभर 'जावईबापू, जावईबापू' करायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यातलं 'जावई' तेवढं गाळलं.

तर गिटार. बापूंच्या साडूंनी हौसेने एक भारीतली इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर बसले. साडूंचं वजन बघता गिटारची मान मोडली यात गिटारचा काही दोष नव्हता.

"घेऊन जा हा सांगाडा, बापू," साडू म्हणाले. "तुम्हाला काय, खुडबुड करायला निमित्तच पाहिजे."

पण त्या सांगाड्याच्या पोटात एक सर्किट जिवंत होतं! तारांखालचे सहा बारीक सेन्सर तारांची थरथर पकडायचे आणि सर्किट त्या थरथरीचा हवा तो आवाज बनवून द्यायचं. बटण फिरवलं की सतार. आणखी फिरवलं की बँजो. आणखी फिरवलं की बारा तारांची गिटार. तारा त्याच, बोटं तीच, आवाज भलत्याचाच! बापूंनी ठरवलं, या सर्किटला नवं शरीर द्यायचं.

नवं शरीर म्हणून त्यांनी बेडरूममधल्या जुन्या सागवानी कपाटाचं दार काढलं. विचारलं कुणालाच नाही. कपाट तेव्हापासून पडदा लावून बसलंय. दार कापून, घासून गिटार झाली, पण दाराचं कुलपाचं भोक ऐन कमरेशी राहून गेलं. बापूंनी तिथेच वायरची पिन लावायची सोय केली. पिन अशी घट्ट बसली की एकदा घातली की हलायचं नाव नाही! जुन्या गिटारचं सेलचं झाकण तेवढं कुठे बसेना. कामाचं टेबल डुगडुगत होतं, बापूंनी ते झाकण त्याच्या पायाखाली सरकवलं आणि बायकोला हाक मारून दाखवलं.

"बघ! माझ्याकडे काही वाया जात नाही!"

"खोली वाया गेली की," बायको म्हणाली.

खरं दुखणं इथेच होतं. बायको शाळांचे गणवेश शिवायची. तिचं शिलाई मशीन दोन वर्षं पॅसेजमध्ये उभं होतं, आणि घराला असलेली एकुलती एक जादा खोली बापूंच्या खुडबुडीने व्यापली होती. त्या खोलीत आजवर तीन रेडिओ, एक मिक्सर आणि एक भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं, त्यातलं काहीही चालतं होऊन बाहेर आलं नव्हतं.

"एकदाच सांगते," ती म्हणाली. "रविवारी बाबांची पंचाहत्तरी. सगळे जमणार. त्या दिवशी ही गिटार सगळ्यांसमोर एक अख्खं गाणं होईपर्यंत वाजली, तर खोली तुमची. पुन्हा तोंडातून ब्र काढणार नाही. नाही वाजली, तर सोमवारी सकाळी माझं मशीन आत!"

"मंजूर!" बापू गरजले.

आणि काय सांगावं, पंचाहत्तरीच्या आधीच्याच सोमवारी सकाळी सहा वाजता गिटार वाजली! बापूंनी सतार वाजवली, बँजो वाजवला, सातपर्यंत बटण फिरवून फिरवून सगळी इमारत जागी केली. मग आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पचं बटण बंद केलं, गिटारवर चादर घातली, चादरीच्या घड्या सारख्या केल्या आणि शीळ वाजवत कामावर गेले.

संध्याकाळी येऊन तार छेडली. टुक. लाकडावर नखाने वाजवावं तसा आवाज! उघडून बघितलं तर सहाच्या सहा सेल संपलेले.

"सकाळीच नवे घातले होते," बापू पुटपुटले. मंगळवारी उठल्या उठल्या घातले नवे. तासभर वाजवलं, संध्याकाळी पुन्हा टुक!

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सेल देता देता विचारलं, "घरात लहान मूल आलंय का? खेळणी फार दिसतात."

"मूल नाही, चोर आलाय," बापू म्हणाले आणि आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर उमगलं. अरे, खरंच की! आपल्यामागे कुणीतरी दिवसभर गिटार वाजवून सेल मारतंय. का? तर रविवारी आपण तोंडघशी पडावं म्हणून!

आता संशय एकदा आला की तो पाहुण्यासारखा हातपाय धुऊन बसतो. बापूंना घरातला जो तो वेगळाच दिसायला लागला. साडू नेमके त्याच आठवड्यात ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मुक्कामाला आलेले. गिटार मुळात त्यांची! वाजली तर जळणार कोण? तेच! बायकोला खोली पाहिजे, म्हणजे तिचाही हात असणार. आणि सासरे? सासरे कुणाचे? बायकोचे वडील!

सासऱ्यांवर तर संशय घ्यायला जागाच होती. ते निवृत्त प्रूफरीडर. चाळीस वर्षं छापखान्यात काढल्यामुळे अक्षर दिसलं की वाचायचंच, ही त्यांची खोड. औषधाची खोकी, साबणाचा कागद, बसचं तिकीट, काही सोडत नसत. मंगळवारी बापू खोलीत शिरले तर हे गृहस्थ एवढ्या दुखऱ्या गुडघ्यानिशी टेबलाखाली ओणवे!

"बाबा! इथे काय करताय?"

"वाचतोय."

"टेबलाखाली काय वाचनालय उघडलंय?"

"अहो जावईबापू, या झाकणावर बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा. ती वायर आहे ना, ती..."

"आधी बाहेर या! वायरला हात लावायचा नाही!" बापूंनी त्यांना काखेत धरून बाहेर काढलं. "बाबा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सासरे ताठ झाले. "म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मनात म्हटलंत. ठीक आहे. आजपासून त्या गिटारविषयी मी अवाक्षर काढणार नाही. तुम्ही पाया पडलात तरी नाही!" आणि काठी आपटत ते निघून गेले. बापूंनी मनात नोंद केली, निरपराध माणूस एवढा चिडत नाही.

बुधवारी सापळा! बापूंनी खोलीभर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. शिवाय डोक्यावरच्या मोजक्या केसांपैकी एक उपटला, डोळ्यांत पाणी आलं तरी उपटला, आणि गिटारच्या बटणावर आडवा चिकटवला. कुणी बटण फिरवलं की केस तुटलाच!

संध्याकाळी येऊन बघतात तो पावडरीत पावलंच पावलं! एक जोडी बायकोच्या चपलांची. एक जोडी साडूंची, हत्ती येऊन गेल्यासारखी. आणि दारापर्यंत येऊन तिथूनच परत गेलेले काठीचे गोल ठसे. अख्खं घरच सामील! सेल अर्थातच संपलेले.

केस मात्र जागच्या जागी होता.

दुसरा कुणी असता तर इथे थांबून विचार करता. बापूंनीही केला. ते म्हणाले, "चोर एवढा बेरकी आहे, की त्याने केस काढून ठेवला, गिटार वाजवली आणि केस परत चिकटवला!"

गुरुवारी त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घेऊन कामावर गेले. संध्याकाळी कुलूप शाबूत, सेल खलास. आता काय शंका राहिली? किल्लीची नक्कल झाली होती!

रात्री जेवताना बापूंनी ताट बाजूला सारलं. "त्या खोलीत कोण कोण गेलं होतं, आत्ताच्या आत्ता सांगा. माझ्याकडे ठसे आहेत!"

सगळ्यांचे घास थबकले. साडूंचा चेहरा पडला. "सांगतो, पण ऑफिसात कळता कामा नये. मी दुपारचं ट्रेनिंग बुडवतो. तुमच्या खोलीत फरशीवर गारवा छान लागतो, तास दोन तास आडवा होतो. आज कुलूप होतं म्हणून, शप्पथ सांगतो, सोफ्यावर झोपलो."

"आणि मी बुधवारी माप घ्यायला गेले होते," बायको शांतपणे म्हणाली. "मशीन खिडकीपाशी बसतंय. कपाटही मावेल. बिनदाराचं."

"म्हणजे तू आधीच धरून चाललीस, की मी हरणार!"

"अहो, मिक्सर बघितलाय मी."

सासरे मान खाली घालून जेवत होते. बापूंनी विचारलं, "बाबा, तुम्ही?"

"मी दाराशी येऊन परत गेलो. आणि मी बोलत नाहीये," सासरे म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

बापूंचा एकावरही विश्वास बसला नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला, सकाळी तासभर सराव, संध्याकाळी टुक. रविवारी मात्र त्यांनी पक्का बंदोबस्त केला. सकाळी आठ वाजता सहा कोरे सेल घातले, वायर ॲम्पमध्ये आणि कुलपाच्या भोकात घट्ट आहे ना ते दाबून बघितलं, वायरचा वेढा स्वतःच्या मनगटाला दिला आणि गिटार मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. एक तार वाजवली नाही. म्हटलं, सेल जपायचे. आता बघू कोण येतंय!

चहा तिथेच, जेवण तिथेच. साडू नुसते दारावरून गेले तरी बापू गिटार छातीशी धरायचे. दुपारी बाथरूमला जायची वेळ आली तेव्हाही त्यांनी तिला सोडलं नाही. वायरला आणखी लांब वायर जोडून घेतली आणि गिटारसकट आत गेले! दाराखालून बाहेर आलेली वायर बघून बायको म्हणाली, "देवा, याहून मी सवत पत्करली असती."

"जळू नकोस," आतून आवाज आला.

"अहो, पण ती वायर तरी सोडवा ना जरा वेळ!"

"तेच पाहिजे ना तुम्हाला सगळ्यांना!"

पाच वाजता माणसं जमली. मेहुणी आली, शेजारी आले, बापूंच्या कामावरचा फोरमन सहकुटुंब आला. सासऱ्यांनी केक कापला. खोलीत दाटीवाटीने सगळे उभे राहिले आणि बापूंनी मनगटावरची वायर सोडवून घसा खाकरला.

"आज इथे कुणीतरी असं आहे, ज्याला ही गिटार वाजायला नको होती," ते म्हणाले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरले. फोरमनच्या बायकोने उगाचच पदर सावरला. "पण मी नऊ तास पहारा दिलाय! ऐका!"

सतार निघाली. काय गोड निघाली! पहिले चार सूर असे आले, की मेहुणीच्या तोंडून 'वा' गेलं. बायकोच्या चेहऱ्यावर तर कौतुक आलं. खरंखुरं कौतुक! दोन वर्षांत बापूंनी ते बघितलं नव्हतं, त्यांचा ऊर भरून आला. खोली आता आपली, असं त्यांच्या मनात आलं आणि पाचव्या सुराला सतारीला घरघर लागली. सहाव्याला तिला ठसका लागला. सातवा सूर टुक.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"कोणी हात लावला?" बापू ओरडले. "खरं सांगा! कोणी हात लावला हिला?"

"अहो, सकाळपासून तुमच्याच मांडीवर आहे ती," बायको म्हणाली.

सासरे उठले. काठी टेकत टेबलापाशी आले. "आज माझा पंचाहत्तरावा वाढदिवस, म्हणून व्रत मोडतो. अहो दुसरे जावईबापू, ते टेबल जरा उचला."

साडूंनी एका हाताने टेबल उचललं. सासऱ्यांनी पायाखालचं झाकण काढून घेतलं, चष्मा पुसला आणि त्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचलं. मग जावयाच्या मनात शंका राहू नये म्हणून मराठीतही सांगितलं. "'वाजवून झाल्यावर गिटारमधली वायर काढून ठेवावी. वायर लावलेली असेपर्यंत सर्किट चालू राहते व सेल संपतात.' मंगळवारी हेच सांगत होतो."

बापूंनी कुलपाच्या भोकाकडे बघितलं. वायर त्यात होती. सोमवारपासून होती. दुसरं कुणी नव्हे, आपणच गिटारला दररोज दहा दहा तास सेल पाजले होते, आणि आज तर मांडीवर घेऊन पाजले होते.

पण बापू सहजासहजी हार मानणारे नव्हेत. "थांबा!" त्यांचे डोळे चमकले. "एवढी महत्त्वाची सूचना! ती टेबलाखाली लपवली कोणी?"

बायकोने काही म्हणून बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं, पण राहवलं नाही. "'माझ्याकडे काही वाया जात नाही', असं कोण म्हणालं होतं बरं?"

आता मात्र सगळे हसले. फोरमन तर भिंतीला टेकला.

बापू खाली मान घालून सासऱ्यांपाशी गेले. "बाबा, चुकलो. तुमच्यावर संशय घेतला."

"असू दे हो," सासरे म्हणाले. "त्या निमित्ताने निदान कुणी माझ्याकडे लक्ष दिलं."

सोमवारी सकाळी मशीन खिडकीपाशी बसलं, मापात तंतोतंत. बापूंचं सामान पॅसेजमध्ये आलं. बायकोने त्यांना मशीनचं जुनं स्टूल दिलं आणि ते झाकण दोरा ओवून गिटारच्या मानेला टांगलं. संध्याकाळी बापूंनी सतार वाजवली, बँजो वाजवला, एक अख्खं गाणं वाजवलं, एक सूर चुकला नाही. आतून मशीनचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. वाजवून झाल्यावर बापूंनी दोन्ही हातांनी जोर लावून कुलपाच्या भोकातली पिन उपटली, ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि ऐटीत जेवायला गेले.

तेवढ्यात पॅसेजमधून सासऱ्यांची हाक आली, "जावईबापू! ॲम्प चालूच राहिला!"