म्हाळूच्या डोक्यावरील भार कमी करण्याबाबत

लहान मुलांना चिंता नसते, हे मोठ्या माणसांनी सर्वानुमते ठरवलेले सत्य आहे. (त्या सभेला मुलांना बोलावलेले नव्हते.)

निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत येई आणि माजलगावाकडच्या आमच्या गावात उर्दू वाचणारा एकच इसम होता. नाव म्हाळू, वडील अर्जुनराव पाटील, वय अकरा. तालुक्याला मामाकडे राहून दोन इयत्ता शिकलेला. आठवड्याला सरासरी नऊ कागद त्याच्यापुढे येत. सहा वाईट बातमीचे, दोन न लागणारे आणि एक शेजारच्या गावचा. (हा चुकून येई, पण त्याचीही काळजी आमचे गाव मनापासून करी.)

वाचेल तोच दोषी, हा गावचा कायदा. गायरान बंद झाल्याचा हुकूम वाचला तेव्हा मेंढ्या राखणाऱ्या हरिबाने म्हाळूलाच धरले.

"कावून बंद केलंस बे? माझ्या मेंढरांनी तुझं काय खाल्लं?"

तेव्हापासून पोराची भूक गेली. कागद दिसला की ते कडब्याच्या गंजीत शिरे. आई साखराबाई म्हणाली, "लेकराच्या घशाखाली घास उतरंना. कुणीतरी बघा की."

गावाने तात्काळ बघितले. दृष्ट काढली. मारुतीला तेल वाहिले. गळ्यात ताईत बांधला. त्याच्या आतही लिहिलेले निघाले आणि पोर पुन्हा गंजीत गेले. अखेर पंचांनी रोगाचे मूळ शोधले: कागद फार झाले. उपाय उघड होता. तालुक्याला आणखी एक कागद पाठवायचा. 'सदर मुलाचा भार कमी होण्यास वाचणारा कारकून मिळावा.' दरख्वास्त उर्दूतच हवी, म्हणून ती म्हाळूकडून लिहून घेतली. तीनदा लिहावी लागली, कारण पंचांपैकी विठ्ठलरावांना त्यातच आपल्या विहिरीची तक्रार घालायची होती.

दोन महिन्यांनी जबाब आला. चावडी भरली. म्हाळू बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

"काय हाय रं?" अर्जुनरावांनी विचारले.

"कारकून न्हाई म्हणतेत. पण दसऱ्यापत्तूर जो कुणी या मुलापुढं कागद धरील, त्यानं चावडीसमोर कान धरून उभं ऱ्हावं."

"कुणाचा कान?" हरिबाने खात्री करून घेतली.

"ज्याचा त्याचा."

कागदावर गोल मोहर होती, म्हणजे शंकेला जागा नव्हती. म्हाळूने त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. दसऱ्यापर्यंत एकूण चौघे कान धरून उभे राहिले, पहिले विठ्ठलराव.

दसऱ्यानंतर तालुक्याचा कारकून आला आणि पाटलांवर डाफरला, "चावडीचं छप्पर शाकारा म्हणून तुमच्या अर्जाच्या जबाबातच लेखी कळवलं होतं. अजून का शाकारलं नाही?" गावाने एकमेकांकडे पाहिले. मग सगळ्यांनी मिळून छप्पर शाकारले. म्हाळूला कुणी काही विचारले नाही. विचारायचे, तर कागद पुन्हा वाचायला त्याच्याच हाती द्यावा लागला असता.

आमचे गाव अडाणी होते, हे मान्यच आहे. आपण शिकलेले. आपल्याला न कळणारा सरकारी अर्ज परवा घरातल्या ज्या बारा वर्षांच्या मुलाकडून मोबाइलवर भरून घेतलात, त्याने त्यात काय भरले, ते तेवढे एकदा बघून घ्या. आणि ते मूल आज जेवले का, तेही.